घाट चढून आलेला बाप: स्काऊट शिबिराआधी घरं तयार करण्याचं एक प्रकरण

मे २०२३. तोरणमाळला आमच्या पथकाच्या पाच दिवसांच्या उन्हाळी शिबिराची दुसरी रात्र होती. शेकोटीचा कार्यक्रम आटोपून मुलं तंबूत गेली होती. आम्ही दोघं शिक्षक निखाऱ्यांवर पाणी मारत होतो. साडेअकराच्या सुमारास यशवंत तलावाच्या बाजूने मोटारसायकलचा उजेड आला. गाडीवर आमच्याच गावचा एक शेतकरी होता, डोक्याला उपरणं गुंडाळलेला. सातपायरीचा घाट अंधारात एकटा चढून आला होता. गाडी बंद करायच्या आधीच त्याने विचारलं, "सर, मना पोऱ्या कोठे शे?"

त्याचा मुलगा सहावीत होता. संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणाचा तरी फोन मागून तो घरी रडला होता. निघताना बापाने त्याला सांगून ठेवलं होतं, "करमनं नई ते फोन कर, मी लगेच इसू." बाप दिल्या शब्दाला जागला. मुलगा पिशवीसकट गाडीवर मागे बसला आणि गेला.

उजाडेपर्यंत ही गोष्ट सगळ्या तंबूंत पोचली होती. आदल्या दिवशी ज्यांना घराची आठवणही झाली नव्हती, ती मुलंसुद्धा रडवेली झाली. संध्याकाळपर्यंत आणखी चार घरांतून माणसं आली. आम्ही शिबिर एक दिवस आधी गुंडाळलं.

शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी स्काऊट मास्टर आहे. त्या वर्षीचं शिबिर का मोडलं आणि २०२४ च्या शिबिराआधी आम्ही काय बदललं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. सातपुड्याच्या पायथ्याला मुलं घेऊन शिबिराला जाणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. त्यांच्या कामी यावं, एवढ्याचसाठी.

आधी आमची चूक

शिबिर मोडल्यावर पहिले काही दिवस शिक्षकांच्या खोलीत एकच सूर होता: पालकांनी मुलं लाडावून ठेवली आहेत. मीही तेच बोललो. मग जूनमध्ये फाइल लावताना आमचंच सूचनापत्र पुन्हा हातात आलं. त्यात लिहिलं होतं, "आपल्या पाल्यास साहित्यासह सकाळी ६ वाजता शाळेत उपस्थित ठेवावे. शिबिर काळात पाल्याची सर्व जबाबदारी पालकांची राहील."

ते मी पालकाच्या डोळ्यांनी वाचलं. लेकरू डोंगरावर पाच दिवस तुमच्या ताब्यात, आणि जबाबदारी माझी? मग रात्री फोन आल्यावर बाप गाडी काढणार नाही तर काय करणार? त्या कागदावर त्याने सही केली होती, आणि सहीप्रमाणे तो वागला होता.

पालकसभाही आम्ही घेतली होती, सकाळी अकराला, कामाच्या दिवशी. सात जण आले, सगळे पुरुष. त्यांचे प्रश्न आठवतात. हे पोलीस भरतीचं ट्रेनिंग आहे का? एनसीसी वेगळी का हीच? दहावीला गुण मिळतात ना? आम्ही घाईने उत्तरं दिली. स्काऊटिंगची वाट प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशी हळूहळू राज्य पुरस्काराकडे जाते. आठ-आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्याचा संघनायक मुलांमधलाच असतो. पाच दिवस एकत्र राहणं हा या शिक्षणाचा गाभा आहे. यातलं काहीच आम्ही नीट सांगितलं नाही. बेडन पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस मुलांना घेऊन पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा श्रीमंत घरांतली आणि कामगार घरांतली मुलं त्यांनी मुद्दाम एकाच तंबूत ठेवली होती. हे एवढं सांगितलं असतं तरी भरती आणि शिबिर यांतला फरक लोकांना कळला असता.

कापसाच्या बांधावर

दिवाळीनंतर मी त्या बापाच्या शेतात गेलो. कापसाची वेचणी चालू होती. मी आधी माफी मागितली, सूचनापत्रातल्या त्या वाक्याबद्दल. तो बराच वेळ बोंडं वेचत राहिला. मग बांधावर बसला आणि बोलू लागला.

तो स्वतः तिसरीपासून वसतिगृहात होता. बाप महिन्याभराने भेटायला येईन म्हणाला होता, आला चार महिन्यांनी. तोवर हा रोज शाळा सुटली की फाटकाजवळच्या दगडावर बसायचा. "सर, तवाच मी ठरायेल व्हतं," तो म्हणाला, "मना पोऱ्या बोलावी ते मी जासू. मंग रात ऱ्हावो का पानी ऱ्हावो."

मी काहीच बोललो नाही. लाडावलेल्या मुलांबद्दल आम्ही शिक्षकांच्या खोलीत जे बोललो होतो, ते मला तिथे बसल्या बसल्या टोचू लागलं. आपल्या भागात कितीतरी आईबापांचं बालपण घरापासून लांब गेलेलं आहे: आश्रमशाळेत, वसतिगृहात, ऊसतोडीच्या तळावर, गुजरातेतल्या वीटभट्टीवर. लेकरू शिबिराला निघालं की त्यांच्या मनात त्यांचाच तो दगड जागा होतो. पोराच्या आधी त्या दगडावर बसलेल्या माणसाशी बोलायला हवं होतं, आणि ते आम्ही कधी केलंच नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही ठरवलं की पुढच्या शिबिराआधी प्रत्येक घरी जायचं. चोवीस स्काऊट आणि सोळा गाईड, म्हणजे चाळीस घरं. गाईड कॅप्टन बाईंनी मुलींची घरं घेतली, मी मुलांची. वेळ एकच, संध्याकाळी सातनंतर, चूल पेटलेली असताना. त्या वेळी आई घरात असते आणि आजीही. पोराला पाठवायचं की नाही, हे पुष्कळ घरांत आजीच ठरवते.

तारीख

आम्ही फेब्रुवारीत ८ ते १२ मे अशा तारखा काढल्या होत्या. पहिल्याच घरी आजीने हिशेब मांडला, "त्यामा आखाजी येस ना!" खरंच, २०२४ ची अक्षय्य तृतीया १० मेला होती. खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोलाचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पोरी गौराई मांडतात, पितरांच्या नावाने घागर भरतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. मामा-आत्यांनी घर भरलेलं असताना पोर डोंगरावर पाठवायला कोण तयार होईल? आणि पोर गेलंच, तर त्याचं मन कुठे असेल? आदल्या वर्षी आखाजी २२ एप्रिललाच होऊन गेली होती, म्हणून हा पेच आमच्या ध्यानातच आला नव्हता.

पुढे १६ मार्चला लोकसभेचं वेळापत्रक जाहीर झालं. नंदुरबारचं मतदान १३ मेला आलं आणि आम्हा शिक्षकांची निवडणुकीची ड्यूटीही लागली. मग १७ ते २१ मे ठरलं. तारखेवर आयांचा शब्द घेतल्यामुळे आणखी एक फायदा झाला. कुणाकडे कुठल्या दिवशी लग्न आहे हे आधीच समजलं, आणि हळदीच्या दिवशी पोर मागायला येण्याचा प्रकार टळला.

चुलीपुढे कळलेल्या गोष्टी

जुन्या आरोग्य फॉर्मवर एक ओळ होती: "पाल्यास काही आजार आहे काय?" २०२३ मध्ये जवळजवळ सगळ्यांनी "नाही" लिहिलं होतं. घरी बसून विचारल्यावर चित्र वेगळंच निघालं.

एका पाड्यावर सातवीतल्या मुलाची आई म्हणाली की याला काही नाही, फक्त थंडीत हातपाय फार दुखतात, कधी कधी ओरडतो. मी विचारलं, रक्त तपासलं होतं का? तिने पत्र्याच्या पेटीतून साड्यांखाली ठेवलेलं कार्ड काढलं. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. प्रकार एसएस. म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हींकडून आलेला. एकाकडूनच आला असता तर मूल नुसतं वाहक राहतं, बहुधा त्रास होत नाही. आमच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा आजार पुष्कळ आहे. सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. अशा मुलाला शरीरात पाणी कमी पडणं, अतिश्रम, थंडी आणि ताप या चार गोष्टींनी असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. आमचं शिबिर म्हणजे मे महिन्यातला बसचा प्रवास, दिवसभर पळापळ, पहाटे गार पाण्याची आंघोळ आणि डोंगरावरची गार रात्र. "नाही" या एका शब्दाच्या भरवशावर आम्ही त्याला नेलं असतं.

त्याला नेऊ नये, असं माझ्या मनात आलं. निर्णय मात्र मी घेतला नाही. आईला आणि मुलाला घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी जायला परवानगी दिली, पण अटी घालून. पाण्याची बाटली सतत जवळ हवी. आंघोळ गरम पाण्याने. लांबची पदभ्रमंती नाही. रात्री अंग झाकलेलं. रोजची गोळी चुकवायची नाही. ताप आला तर वाट न पाहता दवाखाना. हे सगळं एका कागदावर लिहून त्याची एक प्रत संघनायकाला दिली, आणि ते त्या मुलाला विचारून. सगळ्यांसमोर जाहीर केलं नाही.

दुसऱ्या एका घरी आई मला सोडायला दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "सर, एक गोट सांगस, पन कोनले सांगानं नई." मुलगा अजून कधी कधी अंथरूण ओलं करायचा. आदल्या वर्षी शिबिराला तो आलाच नव्हता, आणि आम्ही त्याच्या नावापुढे "अनुत्सुक" लिहिलं होतं. आम्ही आईशी ठरवलं की त्याची गोधडी दोन थरांची, मध्ये प्लास्टिक. रात्री अकराला मी कंदील तपासायच्या निमित्ताने त्याला उठवीन. संध्याकाळनंतर पाणी बेताचं. चार रात्रींत एकदाच चुकलं, आणि ते आम्हा दोघांशिवाय कुणाला कळलं नाही.

मुलींच्या घरचं बोलणं बाईंनीच केलं. पाळी आली तर काय, आंघोळीची जागा कुठे, रात्री शौचाला सोबत कोण, गाईडच्या तंबूंजवळ कोण झोपणार. उत्तरं नेमकी होती: पॅड बाईंच्या पेटीत, रात्री मुलगी एकटी बाहेर पडणार नाही, आणि कुठल्याही मुलाबरोबर वा मुलीबरोबर एकटा एकच मोठा माणूस कधी असणार नाही, मग तो मी असलो तरी. या शेवटच्या नियमावर एका वडिलांनी मला दोनदा हात जोडले.

सामानावर फार लिहीत नाही. ताट, वाटी, बॅटरी, दोन मीटर दोरी, टोपी हे सगळीकडे सारखंच असतं. वाद झाला तो गोधडीवरून. खाली शहाद्यात पारा चाळिशीच्या वर असताना "मे महिन्यात गोधडी?" हे आयांना पटेना. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, रात्री तिथे वारा झोंबतो, हे शेवटी तिथल्या यात्रेला जाऊन आलेल्या म्हाताऱ्यांनीच पटवून दिलं. लू लागू नये म्हणून बऱ्याच आया पोराच्या खिशात कांदा घालतात. आम्ही कांदा राहू दिला. त्याच्या जोडीला लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचं माप पोराकडून पाठ म्हणवून घेतलं.

"मी येईन" या शब्दाचं काय करायचं

ही सगळ्यात अवघड गोष्ट. न करमल्यास घ्यायला येईन, असं पोराला आधीच सांगू नये. पोर मग पहिल्या हुरहुरीलाच ते वचन वसूल करायला बघतं, आणि आपल्याला हे जमणार नाही असं आईबापालाच वाटतंय, असा अर्थ काढतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये घराच्या ओढीवर जे टिपण काढलं होतं त्यातही हाच सल्ला आहे. शिवाय घराबाहेर राहण्याचा थोडा थोडा सराव द्यावा आणि ठरवताना मुलालाही विचारात घ्यावं, असंही त्यात आहे.

पण दगडावर बसलेल्या बापाला "वचन देऊ नका" असं नुसतं कसं सांगणार? त्याच्या हातात त्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं. तोरणमाळला मोबाइलची रेंज येते-जाते. म्हणून ठरवलं की रोज संध्याकाळी मी रेंजच्या जागी जाऊन गावातल्या पाच पालकांना फोन करीन आणि ते प्रत्येकी आठ घरांना निरोप देतील. मुलांचा थेट फोन नाही. मूल परत कधी आणलं जाईल हेही स्पष्ट लिहिलं: ताप, दुखापत, लागोपाठ दोन वेळचं जेवण न जाणं, किंवा डॉक्टरांनी सांगणं. आणि "जबाबदारी पालकांची" हे वाक्य काढून मुख्याध्यापकांच्या सहीने लिहिलं, "शिबिरात आपल्या मुलाची काळजी घेणं ही आमची जबाबदारी आहे."

गुढीपाडव्याच्या आधीच्या शनिवारी, ६ एप्रिलला, शाळेच्या व्हरांड्यात एक रात्र मुक्काम केला. शिबिराचं शुल्क मुलांनी त्याआधीच खरी कमाईतून जमवलं होतं, शाळेत भेळेचे आणि सरबताचे स्टॉल लावून. त्यामुळे "पैसे कोठून आनू" हा प्रश्न कुणाच्या घरी उरला नव्हता. मुक्कामाच्या संध्याकाळी पालकांना गाठी शिकवायला बोलावलं. क्लोव्ह हिच म्हणजे आपली खुंटगाठ, गुरं बांधायची. तो घाट चढून आलेला बापही आला होता. त्याने खांबाला दोर गुंडाळला, एका हाताने, न बघता, आणि ओढून दाखवला. त्याचा मुलगा, आता सातवीतला, सगळ्यांत पुढे उभा राहून बघत होता. त्या रात्री दोन मुलं रडली. घरं हाकेच्या अंतरावर होती, तरी कुणाचाही बाप न्यायला आला नाही. सकाळी चहा-पोहे खाऊन सगळी घरी गेली.

१७ ते २१ मे

शहादा, म्हसावद, राणीपूर, मग घाट. बसमध्ये तिघांना उलट्या झाल्या. पहिला दिवस तंबू लावण्यात गेला.

दुसऱ्या रात्री घाट चढून आलेल्या बापाचा मुलगा रडला. संघनायकाने मला बोलावलं. "रडू नको" म्हणायचं नाही, हे आम्ही आपसांत ठरवलं होतं. मी शेजारी बसलो. त्याला विचारलं, या वेळी घरी काय चालू असेल? म्हणाला, आई भांडी घासत असेल, बाबा म्हशीला चारा टाकत असेल. म्हैस व्यायला झाली होती, ते सांगताना हुंदके थांबले. मग संघाचा कंदील त्याच्याकडे दिला आणि काच पुसायला लावली. ती पुसता पुसता त्याला झोप लागली.

तासाभरापूर्वीच रेंजच्या जागी त्याच्या बापाचा फोन आला होता.

"सर, रडस ना तो?"

मी खरं सांगितलं. डोळे भरलेत, पण जेवला आहे.

बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. गाडीची किल्ली त्याच्या हातात असणार, असं मला वाटत राहिलं. शेवटी तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. सकायले सांगज्या."

सकाळी सहाला मी पहिला फोन त्यालाच केला.

सिकलसेलवाल्या मुलाला काही त्रास झाला नाही. बिनभांड्याच्या स्वयंपाकाच्या दिवशी, बाकीचे सीताखाईकडे पायी गेले असताना, त्याने पळसाच्या पानांत बट्ट्या भाजण्याची चूल एकट्याने रचली. संध्याकाळी सगळ्यांनी त्याच्याच चुलीवरचं खाल्लं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून फार वाईट झाली. शिबिराआधी घराघरांतून पत्रं लिहून घेतली होती, तिसऱ्या संध्याकाळी द्यायची म्हणून. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मोठ्या बहिणीने किंवा शेजाऱ्याने लिहिलं. पत्रात घरच्या साध्या बातम्या द्या, "तुझ्याशिवाय घर खायला उठतं" असलं लिहू नका, असं सांगितलं होतं. शेकोटीच्या उजेडात मी एकेक नाव पुकारत गेलो. अर्ध्याहून जास्त वाटून झाल्यावर लक्षात आलं की पाकिटं अडतीसच आहेत. दोन मुलांचे आईवडील वीटभट्टीवर गुजरातेत होते. संमती आम्ही फोनवर घेतली होती आणि पत्राचं राहून गेलं होतं. आठवीतली मुलगी हात पुढे करून बसली होती. सगळी नावं संपल्यावर तिने तो हात स्कार्फखाली घेतला. तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या मुलाने मित्राचं पत्र मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. बाईंनी त्या रात्री त्या मुलीला आपल्याजवळ झोपवलं. पण ती घटका परत आणता येणार नव्हती. आता यादीत प्रत्येक नावापुढे पत्राचा वेगळा रकाना आहे. आईवडील बाहेरगावी असतील तर संमतीच्या फोनवरच त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतो, आणि मुलाला तो एकट्याला ऐकवतो. ते दोन रकाने भरल्याशिवाय पाकिटांची पिशवी बसमध्ये चढत नाही.

घाट चढून आलेल्या बापाचं पत्र त्याच्या पुतणीने लिहिलं होतं. दोनच ओळींचं: "म्हैस याच हप्त्यामा व्यायी. तू ये, मंग पारडाले नाव ठेवसूत." पोराने ते इतक्या वेळा उघडलं आणि मिटलं की घडीवर कागद फाटला.

२१ तारखेला दुपारी बस गावच्या स्टँडवर लागली. आईबाप खिडक्यांखाली गोळा झाले होते. हा बाप मात्र मागे लिंबाच्या सावलीत, गाडीला टेकून उभा होता. मुलगा उतरला, बसच्या टपावरून आलेली पिशवी घेतली आणि तिचा सुटलेला दोर तिथेच उभा राहून खुंटगाठीने पुन्हा बांधला. मग बापाकडे गेला.

"पारडी शे का पारडा?" त्याने विचारलं.